गणिताचा घाट चढायचा कसा?

धाराशिव जिल्ह्यातलं येडशी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. नसेल पाहिलं, तर नाव तरी नक्की ऐकलं असेल. रामलिंगला शाळेची सहल गेली नाही, असा या भागातला विद्यार्थी विरळाच! बालाघाटाच्या डोंगरातली ती दरी, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि हातातलं केळं कधी पळवतील याचा नेम नसलेली ती माकडं! १९९७ साली इथल्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

या डोंगराळ भागातून फिरताना एक गोष्ट पाहा बरं का. घाटाचा रस्ता कधी नाकासमोर सरळ वर चढत नाही. तो वळणं घेत घेत, थोडा थोडा वर जातो. अंतर वाढतं, पण गाडी दमत नाही. सरळ वर चढवायला गेलं तर भल्याभल्या ट्रकची चाकं जागच्या जागी फिरतील!

नववी-दहावीचं गणित हा असाच एक घाट आहे. पुष्कळ मुलं परीक्षा जवळ आली की तो एका दमात, सरळ रेषेत चढायला जातात. दमतात आणि म्हणतात, "गणित आपल्या नशिबातच नाही." तेव्हा आज आपण या घाटातली वळणं शोधणार आहोत. वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा हं, नुसतं वाचून चालायचं नाही!

नववीत असं होतं तरी काय?

सातवीपर्यंत सत्तर-ऐंशी मार्क पाडणारी मुलंमुली नववीत एकदम चाळीसवर येतात. घरचे म्हणतात, "मोबाईलमुळं झालं." शाळेत ऐकू येतं, "लक्ष नाही." थोडंफार खरंही असेल ते. पण खरं कारण बहुधा वेगळंच असतं.

इतिहासात शिवकालाचा एखादा धडा बुडाला, तरी स्वातंत्र्यलढ्याचा धडा समजतो. गणितात तसं नाही. इथं प्रत्येक धडा आधीच्या धड्याच्या खांद्यावर उभा असतो. पाचवीत अपूर्णांक कच्चे राहिले तर सातवीत गुणोत्तर डळमळतं. गुणोत्तर डळमळलं की दहावीत समरूपता आणि त्रिकोणमिती दोन्ही हातातून निसटतात. म्हणजे दहावीत रडवणारं गणित पुष्कळदा पाचवीतलं असतं!

आपल्या मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. काही मुलांची सहामाही शाळा बुडते. काहींना सुगीत शेतावर थांबावं लागतं. अशा मुलाला पुढं गणित येत नसेल, तर त्यात डोक्याचा दोष काहीच नाही. शिडीच्या मधल्या दोन पायऱ्याच कुणी काढून नेल्या, तर वर चढणार कसं? आधी पायऱ्या बसवायच्या, मग चढायचं.

आधी गळती शोधा

रांजण गळत असेल तर आपण नुसतं पाणी ओतत बसत नाही. भोक कुठं आहे ते आधी पाहतो. तसंच करू या. खाली पाच छोटी गणितं दिली आहेत. कॅल्क्युलेटर नाही, कुणाला विचारायचं नाही. सोडवा पाहू!

१) १/२ + १/३ = किती?
२) −७ − (−३) = किती?
३) ०.३ × ०.२ = किती?
४) ८०० रुपयांचे १५ टक्के किती?
५) ३(क्ष − ४) = क्ष + ६, तर क्ष किती?

उत्तरं अशी: ५/६, −४, ०.०६, १२० रुपये आणि ९.

पाचही बरोबर आली? शाबास! तुमचा पाया पक्का आहे. एखादं चुकलं? तरी शाबासच, कारण भोक सापडलं! पहिल्या गणितात ज्यांनी २/५ लिहिलं असेल, त्यांनी जरा भाकरी डोळ्यांसमोर आणा. अर्धी भाकरी घेतली, तिच्यात आणखी एक तृतीयांश भाकरी घातली. एकूण अर्ध्या भाकरीपेक्षा कमी कशी होईल? २/५ तर अर्ध्याहून कमी आहे! उत्तर आलं की ते पटतंय का, हे असं क्षणभर थांबून पाहायची सवय लावा. निम्म्या चुका तिथंच पकडल्या जातात.

जिथं अडलात त्या इयत्तेचं पुस्तक शोधा. धाकट्या भावंडाचं मागून घ्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवरून फुकट उतरवूनही घेता येतात. दहावीत असून सहावीचं पुस्तक उघडायला लाजायचं नाही. अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी आणि समीकरण या चार गोष्टींना रोज अर्धा तास दिलात, तर महिन्याभरात फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

गुंठ्यातलं बीजगणित

"क्ष, य यांचा व्यवहारात उपयोग काय?" हा प्रश्न तुम्ही नक्कीच विचारला असेल. चला, शेतातच जाऊ. एक गुंठा म्हणजे किती, हे आजोबांना विचारा. ते लगेच सांगतील, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट.

आता हे गणित पाहा. समजा, एकाकडे बरोबर १० गुंठ्यांचा आयताकृती तुकडा आहे. त्याची लांबी रुंदीपेक्षा ११ फूट जास्त आहे. कुंपणाला तार आणायची आहे. तर लांबी-रुंदी किती?

रुंदी आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या वस्तूला आपण तात्पुरतं एक नाव देतो. नवीन पाहुण्याचं नाव कळेपर्यंत आपण "पाहुणे" म्हणतोच ना, तसंच! रुंदीला क्ष म्हणू. मग लांबी झाली क्ष + ११. क्षेत्रफळ १० गुंठे, म्हणजे १०,८९० चौरस फूट.

क्ष(क्ष + ११) = १०८९०
क्ष² + ११क्ष − १०८९० = ०
(क्ष + ११०)(क्ष − ९९) = ०

म्हणून क्ष = ९९ किंवा क्ष = −११०. शेताची रुंदी उणे ११० फूट असू शकेल का? छे! म्हणून ते उत्तर सोडून द्यायचं. रुंदी ९९ फूट, लांबी ११० फूट. ताळा करा: ९९ × ११० = १०,८९०. बरोबर! आणि तार लागेल २ × (९९ + ११०) = ४१८ फूट.

पाहिलंत? दहावीतलं वर्गसमीकरण म्हणतात ते हेच. "ऋण उत्तर घेऊ नये" हा नियम पाठ करायची गरजच पडली नाही, शेतानंच तो सांगितला!

येडशीच्या रेल्वेतही असंच गणित आहे. इथून जाणारा मार्ग पूर्वी बार्शी लाईट रेल्वेचा, नॅरोगेज होता. कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ती उभारताना एक साधा हिशेब केला. चाकांच्या एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके, स्वस्त रूळ पुरतील. मग २० टनांच्या भरलेल्या डब्याला आस किती हवेत? २० ÷ ५ = ४. आहे की नाही तिसरीतला भागाकार? त्या नॅरोगेज रुळांमधलं अंतर होतं ७६२ मिलिमीटर. आताच्या ब्रॉडगेजचं आहे १६७६ मिलिमीटर. दोन्हींचं गुणोत्तर काढा पाहू!

पाहिलं म्हणजे आलं असं नाही

फळ्यावर गणित सोडवलेलं पाहताना सगळं समजतं. घरी वही उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. असं होतं ना? यात नवल काही नाही. दुसऱ्याला विहिरीत पोहताना काठावरून कितीही वेळ पाहिलं, तरी आपल्याला पोहता येत नाही. पाण्यात उतरावंच लागतं.

म्हणून असं करा. सोडवलेलं उदाहरण एकदा नीट वाचा. मग त्यावर कागद झाका आणि कोऱ्या पानावर पुन्हा सोडवा. अडलात तर कागद एकच ओळ खाली सरकवा, पाहा, पुन्हा झाका. शेवटी एकही ओळ न पाहता जमलं, की ते गणित तुमचं झालं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा कोऱ्या कागदावर करून पाहा. विसरलात तर वाईट वाटून घेऊ नका. विसरून पुन्हा आठवण्यानंच ते पक्कं होतं.

शाब्दिक गणित पाहून घाम फुटतो? हंगेरीत जन्मलेले जॉर्ज पोल्या नावाचे एक मोठे गणिती होते. गणित कसं सोडवावं यावर त्यांनी १९४५ साली एक पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गाजलं. त्यात त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या आहेत. एक, गणित समजून घ्या: काय दिलंय आणि काय काढायचंय? दोन, बेत आखा: असं गणित पूर्वी कधी केलंय का? तीन, बेत तडीला न्या. चार, मागं वळून पाहा: उत्तर पटतंय का, दुसऱ्या रीतीनं येतं का? आपण बहुतेक जण पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारतो आणि तिथंच पडतो!

गणितांची मिसळ

आता एक गंमत ऐका. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर एक प्रयोग केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांना त्यांनी नेहमीसारखा गृहपाठ दिला, म्हणजे एका प्रकारची सगळी गणितं एकदम, मग दुसऱ्या प्रकारची. बाकीच्यांना तीच गणितं सरमिसळ करून दिली. नंतर एका महिन्यानं अचानक चाचणी घेतली. नेहमीच्या रीतीनं सराव केलेल्यांना सरासरी ३८ टक्के गुण मिळाले. सरमिसळ करणाऱ्यांना? तब्बल ६१ टक्के!

असं का झालं असेल? एकाच सरावसंचातली दहा गणितं ओळीनं करताना रीत कोणती वापरायची हे आधीच ठाऊक असतं. डोकं नुसतं हात हलवतं. मिसळ केली की प्रत्येक वेळी आधी ठरवावं लागतं, हे पायथागोरसचं की समरूपतेचं? आणि परीक्षेत नेमकं हेच ठरवावं लागतं ना!

तेव्हा रविवारी असं करा. झालेल्या सगळ्या धड्यांतलं एकेक गणित चिठ्ठ्यांवर लिहा. चिठ्ठ्या डब्यात टाका, हलवा आणि पाच चिठ्ठ्या उचला. सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्त चुकेल. घाबरू नका, चढ लागला की दम लागायचाच!

चुकांची वही

एक शंभर पानी वही वेगळी ठेवा. तिच्यात फक्त आपल्या चुका लिहायच्या. डावीकडं चूक, उजवीकडं ती का झाली. चिन्ह चुकलं? पाढा चुकला? रीतच समजली नव्हती? की गणित उतरवून घेतानाच आकडा बदलला? महिन्याभरानं वही चाळा. आपल्या चुका फार नसतात, त्याच त्या तीन-चार पुन्हा पुन्हा येतात, हे ध्यानात येईल.

सगळ्यांच्या वहीत सापडणारी एक चूक सांगू? (अ + ब)² म्हणजे अ² + ब². हे १० आणि ३ घालून तपासा. (१० + ३)² म्हणजे १३ चा वर्ग, १६९. पण १०० + ९ होतात १०९. साठ कुठं हरवले? १३ फूट बाजूचा चौरस काढून त्यात १० आणि ३ वर रेघा मारा. एक मोठा चौरस, एक छोटा चौरस आणि त्यांच्या बाजूला १० × ३ चे दोन पट्टे दिसतील. ३० आणि ३०, झाले साठ! २अब म्हणजे हेच दोन पट्टे. एकदा हे चित्र काढलंत की सूत्र विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही.

पेपर हातात आल्यावर

२०१८ साली दहावीची नवी पुस्तकं आली. दहावीला गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण, वेळ प्रत्येकी २ तास. उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. आता हिशेब करा: १२० मिनिटं भागिले ४० गुण, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. दोन गुणांच्या गणितावर पंधरा मिनिटं अडून बसणं परवडेल का? खूण करा, पुढं चला, शेवटी परत या.

आणखी एक. अर्धं गणित आलं तर अर्धं लिहा. पायऱ्यांना गुण असतात. सूत्र, आकृती, पक्ष, साध्य, जे जे येईल ते स्वच्छ लिहा. कोऱ्या जागेला मात्र कुणीच गुण देऊ शकत नाही!

आणि समजा, इतकं करूनही निकाल मनासारखा लागला नाही, तर? तरी घाट संपत नाही. २०१५ सालापासून दहावीच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत पुरवणी परीक्षा होते. वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच ती सोय आहे. एका विषयाच्या आकड्यावरून कुणी मुलगा किंवा मुलगी वाया गेली असं ठरत नसतं. मनात काही वेडंवाकडं येत असेल तर ते आईजवळ, बाबांजवळ, शाळेतल्या बाईंजवळ, कुणाजवळ तरी बोला. बोललंच पाहिजे!

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी आणखी एक सूचना. अकरावी सायन्सला गेलं की तोच कर्ण "हायपोटेन्यूज" होऊन समोर येतो, छेद होतो "डिनॉमिनेटर" आणि संभाव्यता होते "प्रोबॅबिलिटी". हुशार मुलंही तिथं गणिताला नव्हे, शब्दांना घाबरतात. दहावीपासूनच वहीच्या मागच्या पानावर रोज दोन शब्दांची जोडी लिहा. वर्षभरात साडेतीनशेच्या वर जोड्या होतील!

पालकांशी दोन शब्द

आई-बाबांनो, हे एवढं तुमच्यासाठी. "आमच्या घराण्यातच गणित नाही," हे वाक्य घरातून हद्दपार करा. "मुलीच्या जातीला काय करायचंय गणित," हे तर आधी! इराणच्या मरियम मिर्झाखानीला शाळेत एक वर्ष गणित जमेना. शिक्षिकेलाही ती खास वाटली नाही. मुलीचा धीरच खचला. पुढच्या वर्षी धीर देणारे शिक्षक भेटले आणि ती पुन्हा उभी राहिली. २०१४ साली गणितातलं जगातलं मोठं मानाचं फील्ड्स पदक तिला मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री!

तुम्हाला दहावीचं गणित येत नसलं तरी काही बिघडत नाही. मुलाला विचारा, "आज काय शिकलास ते मला समजावून सांग." समजावताना त्याचं त्यालाच कळतं, आपण कुठं अडतोय ते. आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी अजून पाठ असेल. जेवणानंतर त्यांची आणि नातवंडांची तोंडी हिशेबाची जुगलबंदी लावा. बाजारात सोयाबीन घातलं की पट्टी मुलांच्या हातात द्या: इतके क्विंटल, इतका भाव, हमाली वजा जाता हातात किती? आणि चुकलं तर हसू नका. चुकलेलं सांगायची भीती बसली, की मूल प्रश्न विचारायचं थांबतं. गणित तिथंच संपतं.

देवळालीचे गुरुजी

शेवटी एका गुरुजींची ओळख करून देतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. मोठ्या पदव्या नव्हत्या. नुसता आकड्यांशी खेळायचा नाद! पुष्कळ विद्वानांनी त्यांच्या खेळाकडं दुर्लक्ष केलं. १९४९ साली त्यांनी मद्रासच्या गणित परिषदेत एक गंमत मांडली. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर झालं.

ती गंमत अशी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. गुरुजींचं जन्मसालच घेऊ, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि ६१७४ वर तेच केलं तर पुन्हा ६१७४! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच. हिलाच "कापरेकर स्थिरांक" म्हणतात. जगातल्या गणितज्ञांना मोहात पाडणाऱ्या या शोधाला लागतं काय, तर तिसरीतली वजाबाकी आणि चिकाटी!

तुमच्या जन्मसालापासून सुरुवात केली तर किती पायऱ्या लागतात? आईच्या जन्मसालापासून किती? चला, वही उघडा. पहिली वजाबाकी आत्ताच होऊन जाऊ द्या!